उसळी आवरणारे तेल

1897 मध्ये फ्रेंच सैन्याने 75 मिलिमीटरची नवी मैदानी तोफ स्वीकारली. तोवरच्या तोफा दर बारासरशी चाकांसकट मागे रेटल्या जात. त्या पुन्हा जागेवर आणून नव्याने नेम धरावा लागे. या तोफेची फक्त नळी मीटरभराहून अधिक मागे सरके. तिच्याखालच्या सिलिंडरमधले तेल अरुंद वाटेने ढकलले जाई, धक्क्यातली बरीचशी ऊर्जा त्या रेटारेटीत जिरे आणि दाबलेली हवा नळीला परत पुढे आणून ठेवी. गाडा जागचा हलत नसे. थोडक्यात, तेलाकरवी धक्का गिळण्याची युक्ती विसावे शतक उजाडण्यापूर्वीच सिद्ध झालेली होती, आणि तीही फ्रान्समध्ये, जिथे मोटारधंदा तेव्हा जगात सर्वांच्या पुढे होता. असे असताना सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीवर चारही चाकांना तेलाचे शॉकअॅब्सॉर्बर कारखान्यातूनच बसवून मिळायला 1927 चा डिसेंबर यावा लागला. त्या महिन्यात फोर्डने ‘मॉडेल ए’ बाजारात आणली. मधल्या तीस वर्षांत नेमके काय अडले होते, हा प्रश्न मोटारीच्या इतिहासात मला फार महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाला एरवी जे उत्तर मिळते ते पेटंटांच्या यादीचे असते: अमक्या साली अमक्याने दट्ट्याची रचना नोंदवली, तमक्याने पात्यांची. अशा यादीतून पहिला मान कुणाचा हे कळते, उशीर का झाला हे कळत नाही. कल्पना तर सर्वांच्याच हाताशी होती. अडचण होती ती तोफ आणि मोटार यांच्यातल्या एका मूलभूत फरकाची. तोफेचा धक्का दर वेळी जवळजवळ सारखाच असतो. दारू ठरलेली, गोळा ठरलेला, नळीचा प्रवास ठरलेला. त्यामुळे तेलाची वाट किती अरुंद ठेवायची हे एकदा हिशेबाने ठरवता येते. शिवाय तोफेची निगा राखायला शिकवलेली तुकडी असते. मोटारीखालचा रस्ता मात्र दर हातावर बदलतो. कुठे लांबलचक लाट, कुठे टोकदार दगड, कुठे खडबडीत फरसबंदी. सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन. आणि मालक असा, की महिनोन्महिने गाडीखाली डोकावणार नाही. माझे म्हणणे असे, की तेलाच्या शॉकअॅब्सॉर्बरचा खरा इतिहास हा शोधाचा कमी आणि सुधारणेचा जास्त आहे. झडप, तेल आणि सील या तीन दुबळ्या जागा एकामागून एक भक्कम करण्यात ही तीस वर्षे गेली, आणि त्यानंतरचीही वीस.

मुळात त्याची गरज का पडावी, इथपासून सुरुवात करावी लागते. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते आणि त्या हिसक्याची ऊर्जा साठवून ठेवते. बसणाऱ्याला धक्का कमी लागतो हे खरे, पण ती ऊर्जा नाहीशी झालेली नसते. पुढच्याच क्षणी स्प्रिंग ती परत करते; गाडीचे अंग वर फेकले जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. घोडागाडीच्या चालीत हे खपून जाई, कारण पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये पाटा पाट्यावर घासला जातो आणि त्या घर्षणातच झोका मरतो. फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या दीड कोटी गाड्या पुढे एक आणि मागे एक अशा आडव्या पाट्यांवर चालल्या, वेगळ्या शॉकअॅब्सॉर्बरशिवाय. पण पाट्यांमधले हे घर्षण भरवशाचे नव्हते. पाटे गंजले की स्प्रिंग जखडून जाई आणि प्रत्येक खडा अंगाला लागे. वंगण घालावे तर पाटे मोकळे होत आणि गाडी उसळू लागे. म्हणजे गाडीची नीट निगा राखणाऱ्यालाच उसळी जास्त भोगावी लागे. वेग वाढला तसा हा नुसता गैरसोयीचा मामला राहिला नाही. 1903 च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत फर्नांद गाब्रिएलने मोर्स गाडीतून बोर्दोपर्यंतचे 550 किलोमीटरहून जास्त अंतर ताशी 105 किलोमीटरच्या सरासरीने कापले. ती शर्यत बळींमुळे बोर्दोलाच थांबवावी लागली. अशा वेगात उसळलेले चाक क्षणभर जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ना वळवता येते, ना ब्रेक लावता येतो.

झोका मारण्याचा पहिला यशस्वी उपाय तेलाचा नव्हता. ट्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने सायकलीच्या पुढच्या काट्यासाठी घर्षणाचा दाबक बनवला, आणि अमेरिकन एडवर्ड हार्टफर्डने तो मोटारीसाठी उचलला. कात्रीसारखे दोन हात. एक चासीला, दुसरा अॅक्सलला. जिथे ते जोडले जातात तिथे धातूच्या थाळ्यांमध्ये चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या आणि त्यांना आवळणारा मधला बोल्ट. चाक हलले की चकत्या घासतात, ऊर्जेची उष्णता होते. साधा, स्वस्त, पान्याने घट्ट-सैल करता येणारा. दोष त्याच्या स्वभावातच होता. घासणाऱ्या दोन पृष्ठभागांना हलायला सुरुवात करताना सर्वांत जास्त जोर लागतो, आणि हलू लागल्यावर वेग कितीही असो, विरोध जवळपास तेवढाच राहतो. परिणाम उलटा होई. बारीक खड्यांवर, जिथे स्प्रिंगने मोकळेपणी हलायला हवे, तिथे चकत्या तिला धरून ठेवत. मोठ्या आदळीला, जिथे भक्कम आवर हवा, तिथे तेवढाच तुटपुंजा विरोध मिळे. भरीला चकत्या झिजत, आणि पाणी किंवा तेल शिरले की विरोधच बदलून जाई. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने ‘गाब्रिएल स्नबर’ विकायला सुरुवात केली. त्यात गुंडाळलेला पट्टा असे आणि तो फक्त स्प्रिंगची परतीची उसळी धरी. हा विचार चुकीचा नव्हता, कारण त्रास परतीच्या उसळीचाच जास्त होता. तरीही तो घर्षणावरच टेकलेला होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. घर्षणाचा दाबक इतका सदोष होता, तर शर्यतीच्या गाड्यांनी तो इतकी वर्षे का सोडला नाही? बुगाट्टीची विख्यात ‘टाइप 35’ याच दाबकांवर धावली आणि जिंकली. उत्तर शर्यतीच्या परिस्थितीत आहे. तिथे दर शर्यतीआधी मेकॅनिक बोल्ट आवळतो, चकत्या झिजल्या की बदलतो, आणि गाडीची स्प्रिंग इतकी कडक ठेवलेली असते की ती फारशी हलतच नाही. जे काम यंत्राने आपोआप करायचे ते तिथे माणूस करत होता. शर्यतीनेच पुढे या पद्धतीचा निकालही लावला. मर्सिडीज-बेन्झचे तरुण इंजिनिअर रुडॉल्फ उलेनहाउट यांनी 1936 मध्ये न्यूरबर्गरिंगवर स्वतः गाडी हाकून पाहिली आणि चाके जमिनीवर टिकत नाहीत, स्प्रिंग फार कडक आहेत, असा निष्कर्ष काढला. 1937 च्या डब्ल्यू 125 गाडीला मऊ स्प्रिंग आणि त्यांना आवरणारे तेलाचे दाबक मिळाले, आणि त्या वर्षीचे युरोपीय अजिंक्यपद काराचिओलाने तिच्यावरच मिळवले. स्प्रिंग मऊ ठेवूनही गाडी ताब्यात राहते, हे घर्षणाला कधीच साधले नव्हते.

तेलाचा विरोध वेगाप्रमाणे बदलतो, हेच त्याचे बळ. होळीच्या पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर हाताला रेटतो. तसाच हा प्रकार. चाक हळू हलले तर विरोध थोडा, वेगाने हलले तर जास्त. मात्र पहिल्या रचनांना याच गुणाने घात केला. बारीक छिद्रातून उसळत जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. म्हणून छिद्र जर लांब लाटांवरचा संथ झोका मारण्याइतके बारीक ठेवले, तर टोकदार दगडावर चाक झपकन वर जाताना तेल अडून बसे आणि क्षणभर शॉकअॅब्सॉर्बर लोखंडी कांबीसारखा ताठ होई. सगळा धक्का थेट चासीत. छिद्र मोठे केले तर दगड सुसह्य होई, पण गाडी लाटांवर डुलत राही. नुसते छिद्र ठेवून हा पेच सुटणारा नव्हता. उपाय झडपांत सापडला. संथ हालचालीसाठी कायम उघडी अशी बारीक वाट. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उघडणारी स्प्रिंगची झडप. आणि चाक वर जाताना तेलाला मोकळी वाट देणारी, खाली येताना ती बंद करणारी एकदिशा झडप. या तिसऱ्या झडपेमुळे वर जाणाऱ्या चाकाला कमी विरोध आणि परतीच्या उसळीला जास्त, असा फरक करता आला. स्नबरमागचा बरोबर विचार तेलाच्या यंत्रात असा उतरला. किती दाबाला कोणती झडप उघडावी, हे रस्त्यावर गाड्या चालवून, झडपांच्या स्प्रिंग पुन्हापुन्हा बदलून ठरवावे लागले. या कामाला पेटंटाच्या एका चित्रात जागा नसते, म्हणून ते इतिहासातही दिसत नाही.

दुसरी दुबळी जागा म्हणजे खुद्द तेल. ते गारठ्यात दाट होते, उन्हात पातळ. ज्या छिद्रातून ऑगस्टमध्ये ते सहज वाहते त्यातूनच जानेवारीत ते सरकत नाही. त्यात शॉकअॅब्सॉर्बर जितके चांगले काम करील तितका स्वतः तापणार, कारण मारलेल्या झोक्याची सगळी ऊर्जा अखेर तेलातच उष्णता होऊन उतरते. या अडचणीवर त्या काळी कसा तोडगा काढला गेला, हे ‘मॉडेल ए’च्या शॉकअॅब्सॉर्बरमध्ये नीट पाहायला मिळते. फ्रेंच संशोधक मोरिस हुदाय याची ही रचना. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरी ती तयार होई. चासीच्या पट्टीला बोल्टने बसवलेला, वाटीएवढा जाड लोखंडी डबा. आत दोन स्थिर पडदे, आणि मधल्या दांड्यावर फिरणारी दोन पाती. मिळून चार कप्पे. दांड्याला बाहेरून एक हात, हाताला बॉलजॉइंटची सांधदांडी, आणि तिचे दुसरे टोक अॅक्सलकडे. चाक वरखाली झाले की हात थोडासा फिरतो, पाती कप्प्यांतला द्रव एकीकडून दुसरीकडे ढकलतात. द्रव म्हणून ग्लिसरीन भरायचे. थंड प्रदेशात त्यात थोडे अल्कोहोल मिसळायचे, म्हणजे ते गोठल्यासारखे दाट होणार नाही. दांड्याच्या तोंडाशी एक सुईझडप असे. ती फिरवून वाट कमीजास्त करायची, म्हणजे उन्हाळ्याला एक जागा आणि हिवाळ्याला दुसरी. डब्याच्या मागच्या भागात जादा ग्लिसरीनचा साठा असे. गळतीने कप्प्यांत जेवढे कमी होईल तेवढे तिथून आपोआप भरून निघे. हा डबा बनवणाऱ्यांनी तापमान आणि गळती या दोन्ही गोष्टी होणारच असे धरून रचना केली होती. मालकाकडून वर्षातून दोनदा सुई फिरवण्याची आणि अधूनमधून ग्लिसरीन घालण्याची अपेक्षा होती, त्याहून अधिक नाही. तोफेची तुकडी आणि शर्यतीचा मेकॅनिक यांच्यावाचून चालू शकेल अशा अवस्थेला हे यंत्र इथे पोचले.

यावर कुणी म्हणेल, की फोर्डचा निर्णय हा अभियांत्रिकीचा नव्हताच, तो बाजाराचा होता. शेवरले गिऱ्हाइके ओढून नेत होती, ‘मॉडेल टी’ जुनी दिसू लागली होती, म्हणून नव्या गाडीत चार चाकांचे ब्रेक आले, तसेच शॉकअॅब्सॉर्बरही आले. स्पर्धेचा रेटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इच्छा झाली म्हणून वस्तू तयार मिळते असे नाही. टूडर सेडानची किंमत 495 डॉलर होती. त्या किमतीत चार डबे बसवायचे, तर पाती आणि डबा यांच्यातली फट हजारोंच्या संख्येने एकसारखी राखता येणे आवश्यक होते. फट थोडी मोठी झाली तरी ग्लिसरीन झडपेला वळसा घालून निसटणार आणि सगळा हिशेब फसणार. एवढे अचूक यंत्रकाम एवढ्या स्वस्तात 1905 साली शक्य नव्हते. दुसरे असे, की गाडीचे बाकीचे अवयव सुधारत गेले त्यातूनच ही गरज तातडीची झाली. 1920 च्या दशकात कमी दाबाचे जाड बलून टायर आले. त्यांनी बारीक खडे गिळले, पण ते स्वतःच उसळू लागले आणि पुढची चाके थरथरू लागली. पुढच्या चाकांना ब्रेक आले, तेव्हा ती चाके जमिनीला चिकटून राहणे जिवाचे काम झाले. रस्ते चांगले झाले की शॉकअॅब्सॉर्बरची गरज संपेल, असे कुणाला वाटणे स्वाभाविक होते. घडले उलटे. चांगल्या रस्त्याने वेग वाढवला, आणि वाढलेल्या वेगात लहानसा उंचवटाही मोठा ठरू लागला.

तिसरी दुबळी जागा सीलची, आणि तिने सर्वांत जास्त छळले. आज आपल्याला ओळखीचा असलेला नळीचा शॉकअॅब्सॉर्बर रचनेने हुदायच्या डब्याहून सोपा आहे: एक नळी, एक दट्ट्या, एक दांडा. त्याचा दट्ट्या जवळपास चाकाइतकाच प्रवास करतो, म्हणून कमी दाबात काम भागते; डब्यातली पाती जेमतेम हलतात, म्हणून तिथे तेवढ्याच कामाला प्रचंड दाब लागतो. मग सोपी रचना मागे का पडली? कारण तिचा दांडा चिखलाधुळीत सतत आतबाहेर सरकतो, आणि त्याच्याभोवतीचे सील चामड्याचे असेपर्यंत तेल आत टिकत नव्हते. फिरणाऱ्या दांड्याभोवती गळती रोखणे सरकणाऱ्या दांड्यापेक्षा सोपे होते, म्हणून आधी डबा जिंकला. 1922 च्या लान्सिया लाम्ब्दाने पुढच्या चाकांच्या उभ्या खांबांतच स्प्रिंग आणि तेलाचा दाबक एकत्र बसवून दाखवले, पण ती महागडी गाडी होती. 1934 मध्ये जनरल मोटर्सने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेंशन दिले. त्यामागे रोल्स-रॉइसहून कॅडिलॅककडे आलेल्या मोरिस ऑली यांचे प्रयोग होते. त्यांनी एका मोठ्या गाडीवर वजने पुढेमागे सरकवत, गाडीचे डुलणे कोणत्या मांडणीत माणसाला सुसह्य होते, हे पद्धतशीर तपासले होते. उत्तर निघाले मऊ पुढची स्प्रिंग. मऊ म्हणजे गुंडाळीची, आणि गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये घासायला पाटे नसतात. झोका मारणारी शेवटची फुकटची सोय गेली. आता सगळा भार तेलावर. त्याच वर्षी शेवरलेने वापरलेल्या द्युबोने पद्धतीत स्प्रिंग आणि दाबक तेलाने भरलेल्या एकाच डब्यात बंद होते, आणि त्या डब्यांच्या गळतीने मालक हैराण झाले. सील कमी पडले की उत्तम कल्पनाही कशी बदनाम होते, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधायला नको. तेलाने न फुगणारे कृत्रिम रबर 1930 च्या दशकात आले, दांडे गुळगुळीत घासून कडक मुलामा देण्याची पद्धत रुळली, आणि मग मिशिगनमधल्या मन्रोसारख्या कारखान्यांचे नळीचे शॉकअॅब्सॉर्बर झपाट्याने पसरले.

शेवटचा आक्षेप असा, की हुदायचा डबा तर पुढे नामशेष झाला. मग 1927 ला एवढे महत्त्व कशाला? आकार गेला, हे खरे. पण दोन्ही दिशांना वेगवेगळा विरोध, एकदिशा झडप, गळती भरून काढणारा जादा साठा या त्याच्या सगळ्या अटी नळीने जशाच्या तशा उचलल्या. दट्ट्याच्या नळीभोवती जी बाहेरची दुसरी नळी असते, ती म्हणजे तोच साठा. शिवाय जुनी रचना लगेच मेलीही नाही. इंग्लंडच्या मॉरिस मायनरवर तरफेच्या हाताचे दाबक 1971 पर्यंत टिकले. नळीलाही स्वतःचा नवा दोष होताच. खराब रस्त्यावर सतत घुसळून तेलात हवा मिसळे, फेस होई, आणि फेसावर दट्ट्याचा जोर चालत नसे. 1953 मध्ये फ्रेंच संशोधक द कार्बों यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या घालून तो दोष काढला. तेल आणि दाबलेला वायू यांची ही जोडी 75 मिलिमीटरच्या तोफेतही होती. ती मोटारीच्या नळीत उतरायला छप्पन्न वर्षे लागली, कारण आधी झडप, तेल आणि सील यांचे गणित सुटणे भाग होते. दरम्यान 1950 च्या इंग्लिश फोर्ड गाड्यांत मॅकफर्सन यांच्या रचनेने शॉकअॅब्सॉर्बरला चाकाचा आधारखांबच करून टाकले. जे यंत्र गळते म्हणून कुणी भरवसा ठेवत नव्हते, त्यावर आता अख्खे चाक टांगले गेले.

या घडामोडींचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. क्लॉड फॉस्टरच्या स्नबरचे ‘गाब्रिएल’ हे नाव घेऊन, अमेरिकन सहकार्याने, 1961 मध्ये गॅब्रिएल इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला होता; पुढे नाशिक आणि चाकणलाही उत्पादन सुरू झाले. आजही आपल्या गॅरेजात मेकॅनिक शॉकअप तपासतो तेव्हा बॉनेटवर जोर देऊन गाडी किती वेळा डुलते ते बघतो आणि नळीवर तेलाचा ओघळ आला आहे का ते पाहतो. पहिल्या तपासणीत झडप आणि तेल, दुसरीत सील: शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच तीन जागा. म्हणूनच यंत्रांच्या इतिहासात ‘पहिला कोण’ या प्रश्नाला आपण देतो तेवढा मान त्याला मिळू नये, असे मला ठामपणे वाटते. कल्पना मांडणाऱ्याचे श्रेय त्याला द्यावेच. पण ज्यांनी झडपांच्या स्प्रिंग बदलून पाहिल्या, ग्लिसरीनमध्ये किती अल्कोहोल घालायचे ते ठरवले, दांड्याचा मुलामा आणि रबराचा ओठ जुळवला, त्यांनी ती कल्पना सामान्य माणसाच्या गाडीपर्यंत आणली. ओल्या वळणावर ब्रेक दाबल्यावर चाक जमिनीवर टिकून राहते, ते त्यांच्या कामामुळे; आणि इतिहास लिहिताना त्या कामाला शोधाच्याच तोलाची जागा द्यायला हवी.